सलोखा
संग्रामपूरच्या तहसील कचेरीत सातबाराच्या तंट्यांबरोबर ‘सलोखा’ हा शब्द नित्य कानी पडतो. त्याचे मूळ अरबी ‘सुलूक’, म्हणजे मार्गक्रमण, आणि त्यावरून फारसीत वर्तन व मराठी दप्तरांत सख्य असा अर्थ रूढ झाला. वाटचाल थांबली की सलोखाही संपतो, असे इतिहास पाहता मला वाटते : पेशवे व निजाम टिपूविरुद्ध एकत्र लढले, परंतु १७९२ मध्ये टिपू नमताच समान भयाचे बंधन सुटले, चौथाईची थकबाकी उफाळली आणि १७९५ साली खर्ड्याला तोफा धडाडल्या. अमेरिका-सोव्हिएत सलोखाही, परस्परांविषयीचा संशय कायम राहिल्याने, १९७९ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरताच कोसळला. शेतकऱ्यांमधील जमिनींच्या ताब्याचे वाद अदलाबदलीने मिटवणाऱ्या, २०२३ पासूनच्या शासकीय योजनेचे नावच आज ‘सलोखा’ आहे.