मैदानाबाहेरचा जॉर्ज बेस्ट

१९७१ सालच्या जानेवारी महिन्यातली गोष्ट. इंग्लंडमधल्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाचा लंडनला चेल्सी संघाशी सामना होता. संघ आगगाडीने निघाला. गाडी सुटायची वेळ झाली, गाडी सुटली, तरी एक गडी आलाच नाही. तो मागच्या गाडीने लंडनला पोचला खरा. पण मैदानाकडे न जाता इस्लिंग्टन भागात एका अभिनेत्रीच्या घरी जाऊन बसला. इकडे त्याच्यावाचून सामना झाला, आणि संघाने तो २-१ असा जिंकलाही! तिकडे त्या घराखाली बातमीदारांची, कॅमेरेवाल्यांची आणि बघ्यांची ही झुंबड. संघाने त्याला दोन आठवडे घरी बसवले.

हा गडी म्हणजे जॉर्ज बेस्ट. वय वर्षे चोवीस. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १९६८ साली, युरोपातला त्या वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून ‘बॅलन द’ऑर’ हा मान त्याला मिळाला होता.

अशा वागण्याला आपण पोरकटपणा म्हणतो आणि मोकळे होतो. मीही तसेच म्हणत असे. पण इतिहास शिकवणाऱ्याला एक खोड असते. एखादी गोष्ट घडली म्हटले, की ती तेव्हाच का घडली, आधी का नाही, असे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तेव्हा थोडे मागे जाऊ या.

इंग्लंडात पैसे घेऊन फुटबॉल खेळायला अधिकृत मान्यता मिळाली १८८५ साली. पण खेळाडू डोईजड होऊ नयेत म्हणून १९०१ पासून पगारावर मर्यादा घातली गेली : आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड. ही मर्यादा वाढत वाढत १९६१ साली वीस पौंडांवर आली होती. म्हणजे केवढी रक्कम? चांगल्या कारागिराच्या पगाराहून थोडी बरी, इतकीच. टॉम फिनी हा इंग्लंडचा मोठा नामांकित खेळाडू. पण तो नळदुरुस्तीचा धंदाही करीत असे, आणि लोक त्याला कौतुकाने ‘प्रेस्टनचा प्लंबर’ म्हणत. आता सांगा, सकाळी कुणाच्या घरचा गळका नळ दुरुस्त करायचा असेल, तर रात्री माणूस किती हुंदडणार? त्या काळचे खेळाडू सगळे संत होते असे मुळीच नाही. पण चैनीला पैसा लागतो आणि बदनामीला प्रसिद्धी लागते. दोन्ही बेताचीच होती.

१९६१ च्या जानेवारीत खेळाडूंच्या संघटनेने, तिचा अध्यक्ष जिमी हिल याच्या पुढाकाराने, संपाचा धाक घालून ही मर्यादा उठवायला लावली. लगोलग फुलहॅम संघाच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. एका उडीत पाचपट! मागणी न्यायाची होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्याच्या पायांवर हजारोंची तिकिटे खपतात त्याला मजुराएवढा पगार देणे ही काही नीती नव्हे.

नेमक्या याच वर्षी, १९६१ साली, बेलफास्टहून एक पंधरा वर्षांचा हाडकुळा मुलगा मँचेस्टरला आला.

बेलफास्ट हे उत्तर आयर्लंडमधले जहाजे बांधणारे शहर. जॉर्जचे वडील तिथल्या हार्लंड अँड वुल्फ या जहाजांच्या कारखान्यात कामाला होते. मुलगा हुशार. अकराव्या वर्षीची परीक्षा पास होऊन चांगल्या शाळेत गेला. पण त्या शाळेत फुटबॉल नव्हे, रग्बी खेळत! मुलगा शाळा बुडवू लागला. शेवटी त्याला जुने सवंगडी होते त्या शाळेत घालावे लागले. (शिक्षक मंडळींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढल्या साऱ्या कहाणीचे बीज मला इथे दिसते. नावडते समोर आले की हा मुलगा भांडत नसे. निघून जाई.) मँचेस्टरलाही तसेच झाले. दुसऱ्याच दिवशी घरच्या ओढीने त्याने परतीची बोट धरली. वडिलांचे आणि संघाचे मॅनेजर मॅट बझबी यांचे बोलणे झाले, तेव्हा कुठे तो परत आला. त्या वेळच्या नियमांमुळे उत्तर आयर्लंडच्या मुलाला इंग्लंडातल्या संघात उमेदवार म्हणून घेता येत नसे. म्हणून त्याला जहाजांच्या कालव्याच्या कचेरीत निरोप्याचे काम मिळाले, आणि आठवड्यातून दोन दिवस सराव. राहायला एका विधवा बाईंच्या घरी खोली. जेवण, कपडे, वेळेवर येणेजाणे, सगळे त्या बाई बघत.

सतराव्या वर्षी, १९६३ च्या सप्टेंबरात, तो पहिला सामना खेळला. पुढे काय झाले ते काय वर्णावे! चेंडू जणू बुटाला शिवलेला. १९६६ साली लिस्बनमध्ये बेनफिका या बलाढ्य संघाला युनायटेडने ५-१ असे लोळवले, त्यात बेस्टचे दोन गोल होते. केस वाढवलेला हा पोरगा पाहून बीटल्स या गायक मंडळाच्या नावावरून पत्रांनी त्याला ‘एल बीटल’ म्हटले. १९६८ च्या मे महिन्यात वेम्बलीच्या मैदानावर त्याच बेनफिकाला ४-१ ने हरवून युनायटेडने युरोपियन कप जिंकला. असा हा कप जिंकणारा इंग्लंडचा तो पहिलाच संघ.

वय बावीस, आणि मिळवायचे काही उरले नाही! जाहिरातीत त्याचा चेहरा, अंड्यांच्या नि सॉसेजच्या सुद्धा. कपड्यांचे दुकान त्याच्या नावावर चाललेले. पुढे त्याने ब्रॅमहॉल इथे मोठमोठ्या काचांचे घर बांधले, तर सुट्टीच्या दिवशी लोक ते घर, म्हणजे आतला माणूस, बघायला येत. सर्कशीतल्या वाघाला निदान पडदा तरी असतो.

आणि बझबी? फार मोठा माणूस. १९५८ साली म्युनिकच्या विमान अपघातात त्यांच्या संघातले आठ खेळाडू गेले. डंकन एडवर्ड्‌स गेला तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा होता. ते स्वतः मरता मरता वाचले. पोरे गमावलेल्या माणसाचा हात पुढे कुणा पोरावर कडक पडला नसेल, असा माझा आपला तर्क आहे. काही खोडी झाली की ते बेस्टला खोलीत बोलावीत आणि समजावून सांगत. बेस्टने पुढे सांगितले, की ते बोलत असताना तो त्यांच्या मागल्या भिंतीच्या कागदावरची जनावरे मोजीत बसे! वर्गात शिकवणाऱ्याला हे दृश्य नवे नाही. मान खाली, ‘हो सर, हो सर’, आणि चित्त खिडकीबाहेर.

बझबी निवृत्त झाल्यावर चार-पाच वर्षांत मॅनेजर भराभर बदलले. १९७२ च्या जानेवारीत बेस्ट सलग आठवडाभर सरावाला फिरकला नाही. शिक्षा काय झाली पाहा : दोन आठवड्यांचा पगार कापला, आणि हुकूम असा, की काचेचे घर सोडायचे आणि पुन्हा त्या बाईंच्या घरी जाऊन राहायचे. पंचविशीतला, जगभर नाव झालेला गडी, पुन्हा पंधराव्या वर्षीच्या खोलीत! मला वाटते, सगळी मेख इथे आहे. संघाने त्याला शंभर गोष्टी दिल्या, पण मोठेपणी वागायचे कसे याची सवय कधी लावली नाही. आणि तो चुकला तेव्हा उपाय सुचला तो आणखी लहान करण्याचा. पगार नव्या जमान्याचा, शिस्त मात्र वीस पौंडांच्या काळातली.

अर्थात सगळा दोष संघाच्या माथी मारणेही खरे नाही. त्याच संघात बॉबी चार्लटन होता. म्युनिकच्या अपघातातून वाचलेला, त्याच मैदानावर, त्याच लोकांपुढे खेळणारा. तो वर्षानुवर्षे वेळेवर येत राहिला.

त्याच वर्षी मे महिन्यात बेस्ट आपल्या देशाच्या संघात हजर व्हायचे सोडून स्पेनच्या किनाऱ्यावर मारबेयाला गेला, आणि तिथून खेळ सोडल्याचे जाहीर केले. मग परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. १ जानेवारी १९७४ रोजी तो युनायटेडकडून शेवटचा सामना खेळला आणि संघ ३-० ने हरला. वय सत्तावीस. ४७० सामने, १७९ गोल. त्याच हंगामात युनायटेड दुसऱ्या वर्गात घसरला.

तोवर पोरकटपणाच्या आत काय होते ते दिसू लागले होते. दारू. चुकलेली गाडी, बुडवलेला सराव, या खोड्यांवर लोक हसत, वर्तमानपत्रे खपत. पण त्या खोड्या एका आजाराच्या अंगावरचे कपडे होते. त्याच्या आईने चाळिशीपर्यंत दारूला स्पर्श केला नव्हता म्हणतात. ती १९७८ साली दारूपायीच गेली. १९८४ साली दारू पिऊन मोटार हाकल्याबद्दल आणि पोलिसावर हात टाकल्याबद्दल बेस्टला तुरुंगवास झाला. तो नाताळ त्याने कैदेत काढला.

१९९० साली हीच पाळी आर्सेनल संघाचा कप्तान टोनी ॲडम्सवर आली. तोही दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल तुरुंगात गेला. सहा वर्षांनी मात्र त्याने आपले व्यसन उघडपणे कबूल केले, आणि २००० साली अशा खेळाडूंसाठी उपचाराची संस्था काढली. बेस्टच्या उमेदीच्या दिवसांत असे दार ठोठावायला नव्हतेच.

२००२ साली बेस्टचे यकृत बदलण्यात आले. त्यानंतरही तो प्याला. २५ नोव्हेंबर २००५ रोजी, एकोणसाठाव्या वर्षी, तो लंडनच्या इस्पितळात वारला. बेलफास्टला त्याला नेले ते आधी वडिलांच्या घरी. पंधराव्या वर्षी बोट धरून तो पळत आला होता, त्याच घरी. ३ डिसेंबरला तिथून अंत्ययात्रा निघाली. पाऊस पडत होता आणि रस्त्याच्या दुतर्फा सुमारे लाखभर माणसे उभी होती. त्याला आईशेजारी पुरले.