हवानातील उशिराची मैफल

संगीताला देशाच्या सीमा नसतात, असे सर्रास म्हटले जाते. हे वचन ऐकावयास गोड असले, तरी इतिहासाच्या कसोटीला ते पुरते उतरत नाही. सीमा असतात आणि त्यांवर पहारेही असतात. फार तर एवढेच म्हणता येईल की, पहारेकऱ्याची नजर चुकवणे स्वरांना इतर मालापेक्षा अधिक साधते. क्यूबाची राजधानी हवाना येथे २५ मार्च २०१६ रोजी, गुड फ्रायडेच्या रात्री भरलेली मैफल या दृष्टीने मननीय आहे. त्या रात्री तेथील क्रीडानगरीच्या विस्तीर्ण मैदानावर ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्रज वाद्यवृंदाने आपले रॉक संगीत सादर केले. प्रवेशाला मूल्य नव्हते. श्रोत्यांचा समुदाय काही लाखांच्या घरात होता.

गाणारी मंडळी वयाने लहान नव्हती. गायक मिक जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्‌स हे दोघेही ७२ वर्षांचे होते. तालवाद्ये सांभाळणारे चार्ली वॉट्स ७४ वर्षांचे, तर त्यांच्यात सर्वांत धाकटे असलेले रॉनी वुड ६८ वर्षांचे होते. या वृंदाचा पहिला कार्यक्रम १२ जुलै १९६२ रोजी लंडनच्या मार्की क्लबात झाला होता. म्हणजे जगभर हिंडून हवानाला पोहोचावयास त्यांना जवळजवळ चोपन्न वर्षे लागली. अंतर काही समुद्राचे नव्हते. ते राजकारणाचे होते.

१ जानेवारी १९५९ रोजी क्यूबात क्रांती यशस्वी झाली आणि सत्ता फिडेल कॅस्ट्रो यांच्या हाती आली. शेजारच्या बलाढ्य अमेरिकेशी लवकरच वैर जडले. मग अमेरिकेच्या भांडवलासोबत तिच्या चालीरीतींविषयीही संशय वाढू लागला. १३ मार्च १९६३ रोजी हवाना विद्यापीठाच्या पायऱ्यांवरून केलेल्या भाषणात कॅस्ट्रोंनी तंग विजारी घालून, हाती गिटार घेऊन एल्विस प्रेस्लीच्या थाटात हिंडणाऱ्या रिकामटेकड्या तरुणांचा कडक उपहास केला. योगायोग असा की, त्याच वर्षी जून महिन्यात रोलिंग स्टोन्सची पहिली ध्वनिमुद्रिका लंडनमध्ये निघाली. पुढे लांब केस आणि इंग्रजी गाणी ही वैचारिक विचलनाची लक्षणे ठरली. सरकारी नभोवाणीवरून अशी गीते वगळली गेली. या वैराची झळ केवळ कानांपुरती राहिली नाही. कित्येक तरुणांना शिक्षणात आणि नोकरीत तिची किंमत मोजावी लागली.

तथापि ऐकणारे ऐकतच राहिले. फ्लॉरिडाचा किनारा दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. रात्री हवा स्वच्छ असली की तिकडील नभोवाणी केंद्रे हवानाच्या घरांत लागत. खलाशी किंवा प्रवासी यांच्याकरवी एखादी तबकडी हाती आली, तर ती दुसऱ्याच कुणा गायकाच्या वेष्टनात लपवून घरोघर फिरे. भारतीय श्रोत्याला या प्रकाराची थोडी कल्पना येऊ शकेल. १९५२ च्या सुमारास, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, अभिरुचीच्या रक्षणार्थ आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ दिसेनाशी झाली. तेव्हा श्रोत्यांनी अभिरुची बदलली नाही. त्यांनी यंत्राची कळ फिरवून रेडिओ सिलोन लावले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि चित्रपटगीतांना घरचे दार पुन्हा उघडले. अर्थात दोन्ही प्रसंगांत मोठा भेद आहे. येथे श्रोत्याला कोणी शिक्षा केली नाही, आणि चूक पाच वर्षांत सुधारली गेली. क्यूबात तिला पिढ्या लागल्या.

या निषेधात एक विसंगती दडलेली होती. ज्या संगीताला साम्राज्यवाद्यांचे संगीत म्हणून हिणवले गेले, त्याचे मूळ अमेरिकेतील धनिकांच्या दिवाणखान्यात नव्हते. ते मिसिसिपीच्या कापूसशेतांत राबणाऱ्या निग्रो मजुरांच्या ‘ब्लूज’ गायनात होते. ‘रोलिंग स्टोन्स’ हे नावही मडी वॉटर्स या अशाच एका कृष्णवर्णीय गायकाच्या गीतावरून घेतलेले. क्यूबाच्या स्वतःच्या ‘सोन’ संगीतातील तालही आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांतूनच आला. एकाच दुःखाच्या या दोन शाखा. शिवाय या वृंदाचे १९६५ मधील जगप्रसिद्ध गीत ‘सॅटिस्फॅक्शन’ जाहिरातबाजीची टर उडवणारे आहे. भांडवलशाहीला नावे ठेवणारे गाणे समाजवादी राज्याने दाराबाहेर ठेवावे, हा काव्यगत न्याय नव्हे तर काव्यगत अन्याय होय.

काळ मात्र पालटत होता. ८ डिसेंबर २००० रोजी, जॉन लेननच्या मृत्यूला वीस वर्षे झाली त्या दिवशी, हवानातील एका उद्यानात त्याचा बाकावर बसलेला पुतळा बसवण्यात आला. अनावरण केले ते स्वतः कॅस्ट्रोंनी! जुलै २०१५ मध्ये क्यूबा व अमेरिका यांचे राजनैतिक संबंध पुन्हा प्रस्थापित झाले. २० मार्च २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा हवानाला आले. ते परतल्यावर तीनच दिवसांनी रोलिंग स्टोन्सची मैफल भरली. रंगमंचाचे अवाढव्य साहित्य जहाजांनी आणि विमानाने आणावे लागले होते. क्यूबातील वादकांसाठी भेटीदाखल वाद्येही आली होती.

त्या मैदानावर तरुण होते, तसेच पांढऱ्या केसांचे आजोबाही होते. तरुणांना तो एक भव्य जलसा होता. वृद्धांना तो केवळ जलसा नव्हता. आयुष्यभर दबल्या आवाजात ऐकलेली गाणी आज राजधानीच्या मधोमध, पूर्ण आवाजात, सरकारी अनुमतीने ऐकू येत होती. जॅगरने स्पॅनिश भाषेत श्रोत्यांशी संवाद साधला आणि एके काळी आपले संगीत येथे ऐकणे कठीण होते, याचा मोकळेपणाने उल्लेख केला. त्या वाक्याला मिळालेली दाद गाण्यापेक्षा कमी नव्हती. शेवटी हवानाच्याच ‘एंत्रेव्होसेस’ या गायकवृंदाने पाहुण्यांना साथ केली, आणि समारोप ‘सॅटिस्फॅक्शन’ने झाला.

या एका रात्रीने क्यूबाचे राज्य बदलले नाही. गरिबी हटली नाही, वृत्तपत्रे स्वतंत्र झाली नाहीत. संगीतावर तेवढे ओझे लादणेही उचित नव्हे. कॅस्ट्रो आठ महिन्यांनी, २५ नोव्हेंबर २०१६ रोजी निवर्तले. चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले. मैफल आणखी थोडी लांबली असती, तर ती त्या रूपात झालीच नसती. आणि ज्यांनी लपूनछपून ऐकले त्यांतील अनेकजण तिच्या आधीच काळाच्या पडद्याआड गेले होते. जे उरले, त्यांच्या पदरात त्या रात्री एक गोष्ट पडली. ज्या आवडीसाठी तरुणपणी त्यांना अपराधी मानले गेले, ती आवड निरपराध होती, हे नातवंडांच्या देखत सिद्ध झाले. शासनाने क्षमा मागितली नाही. मैदान मात्र दिले. उशिराचा न्याय पुष्कळदा याच रूपाने येतो.