स्किझोफ्रेनियाची औषधे आणि वाढते वजन : एका जुन्या तक्रारीचा इतिहास

"डॉक्टर, गोळ्यांनी भास थांबले, पण सहा महिन्यांत हिचे सगळे ड्रेस घट्ट झाले. आता गोळी घेते म्हणते आणि गुपचूप बेसिनमध्ये टाकते." स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे आईवडील अशी तक्रार अनेकदा करतात. ही तक्रार या औषधांइतकीच जुनी आहे.

१९५२ साली पॅरिसमधील सेंट-ॲन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर डेनिकर या मानसोपचारतज्ज्ञांनी क्लोरप्रोमझीन हे औषध रुग्णांना दिले. भास आणि संशय कमी झाले. पुढे वर्षानुवर्षे रुग्णालयात अडकलेले कितीतरी रुग्ण घरी जाऊ शकले. वजन वाढते हे त्याच दशकात लक्षात आले होते. पण हात थरथरणे, अंग आखडणे हे त्रास इतके ठळक होते की वजनाची चिंता मागे पडली. काही डॉक्टर तर वजन वाढणे हे सुधारणेचेच लक्षण मानत.

नव्वदच्या दशकात क्लोझापिन आणि ओलांझापिनचा वापर वाढला. आखडणे कमी झाले, पण वजनाचा प्रश्न मोठा झाला. ही औषधे मेंदूतील हिस्टामिन आणि सेरोटोनिनच्या काही ग्राहींवर काम करतात, त्यामुळे भूक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. म्हणजे हा रुग्णाचा आळस किंवा खादाडपणा नव्हे. १९९९ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा या दोन औषधांनी साधारण दहा आठवड्यांत सरासरी ४ किलोंहून अधिक वजन वाढल्याचे दिसले. २००४ मध्ये अमेरिकेतील मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी मिळून सांगितले की औषध सुरू करतानाच वजन, कंबर, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा आणि पुढेही तपासत राहा.

२००५ मध्ये 'केटी' या मोठ्या अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष आले. दीड वर्षाच्या आत ७४ टक्के रुग्णांचे पहिले औषध बंद झाले होते. सर्वांत जास्त काळ टिकले ते ओलांझापिन. वजनही त्यानेच सर्वांत जास्त वाढवले, आणि वजन-साखरेमुळे औषध सोडणारेही त्यातच अधिक होते. म्हणजे गुण आणि त्रास एकाच गोळीत!

म्हणून गोळी मनाने बंद करू नका. आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. पण गप्पही बसू नका. दर महिन्याला वजन लिहून ठेवा आणि वाढ दिसताच डॉक्टरांना सांगा. डोस किंवा औषध बदलता येते, आहार-व्यायामाचा उपयोग होतो, काहींना मेटफॉर्मिनही देतात. आणि घरच्यांनो, "किती जाड झालीस" हे वाक्य कृपया टाळा. गोळी बेसिनमध्ये जाण्याची सुरुवात कधीकधी तिथूनच होते.