नांवें बदललीं, वांगोड राहिले

ज्या घराण्यांची वंशावळ नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वहींत सांपडते, त्यांचें काम सोपें असतें. आजा, पणजा, गांव व कुलनाम हीं तेथें एकाच पानावर भेटतात. गोमंतकांतील ख्रिस्ती घराण्यांस हा मार्ग चार शतकांपूर्वींच बंद झाला. त्यांना आपले पूर्वज इगर्जीच्या पुस्तकांत शोधावे लागतात. आणि तीं पुस्तकें जितकें सांगतात, तितकेंच झांकूनही ठेवतात.

ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं असा नियम केला कीं, पाद्र्यानें प्रत्येक विवाह वधूवर व साक्षीदार यांच्या नांवांसह नोंदवावा, आणि बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपिता व धर्ममाता यांचीं नांवेंही लिहून ठेवावीं. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथानें त्यांत मृत्यूच्या पुस्तकाची भर घातली. यांत वंशेतिहासाचा हेतु नव्हता. चोरून व निषिद्ध नात्यांत होणारे विवाह थांबावे, एवढाच होता. परंतु याच काळजीमुळें सामान्य माणसाचें नांव प्रथम कागदावर आलें.

कागद मात्र सर्वत्र टिकला नाहीं. वाळवी व कोंकणची दमट हवा यांनीं पानेंच्या पानें खाल्लीं. सासष्टींतील इगर्ज्या जेसुइटांच्या हातीं होत्या. १७५९ सालीं त्यांची हकालपट्टी झाली. १८३५ सालीं इतर धर्मसंघही बंद झाले. व्यवस्था अशी हातोहात फिरली, म्हणजे दप्तरांचे हाल ठरलेलेच. त्यामुळें एका इगर्जींत दोनशें वर्षांची सलग नोंद, तर शेजारच्या इगर्जींत मधलीं पन्नास वर्षें कोरीं, असा अनुभव शोधकास येतो.

त्याहूनही मोठी अडचण नांवांची. सोळाव्या शतकांत जो ख्रिस्ती झाला, त्यास बहुधा धर्मपित्याचें आडनांव मिळालें. एकाच बापाच्या दोन मुलांचे धर्मपिते भिन्न असले, तर एक भाऊ फर्नांडिस व दुसरा डिसोझा होई. उलट, एकाच गांवांतील दोन फर्नांडिस घराण्यांचा परस्परांशीं कांहींच संबंध नसे. म्हणून आडनांवावरून पोर्तुगीज रक्ताचा निष्कर्ष काढणें हें सर्वांत ढोबळ प्रमाद होय. पोर्तुगीज पद्धतींत आडनांव पुढेंही फार काळ पक्कें नव्हतें. मुलीस पुष्कळदां आईचें किंवा आजीचें आडनांव लाभे, किंवा ‘रोझारियु’, ‘कोंसेसांव’ असें केवळ भक्तीचें नांव तिच्या नांवास जोडलें जाई.

समजा, एका विवाहाच्या नोंदींत वर आंतोनियो फर्नांडिस आहे व त्याचा बाप जुआंव डिसोझा आहे. पाद्र्याची लेखणी चुकली, असें म्हणून नवखा शोधक पान उलटतो. जाणता शोधक गांवकरीचें पुस्तक उघडतो.

गांवकरी ही गोमंतकाची पुरातन ग्रामसंस्था. आफोंसु मेशियाच्या १५२६ सालच्या सनदेनें पोर्तुगीजांनीं तिच्या रूढी लेखी मान्य केल्या. गांवकर निरनिराळ्या वांगोडांत, म्हणजे मूळ पुरुषांच्या शाखांत, विभागलेले असत, आणि गांवच्या उत्पन्नांतील वाटा बापाकडून मुलाकडे जाई. धर्म बदलला, नांव बदललें, तरी वाटा कोणी सोडला नाहीं. तो मागतांना बापाचें नांव सांगावेंच लागे. आंतोनियो व जुआंव एकाच वांगोडांत भेटले, तर पाद्री चुकला नव्हता, हें सिद्ध होतें.

नांव ठेवण्याची रीतही मदतीस येते. आजोबांचें नांव नातवास देणें ही आपल्याकडील चाल तेथेंही दिसते. एक पिढी सोडून तेंच नांव उमटलें, कीं धागा हातीं लागण्याची आशा वाटते. पण ती आशाच, पुरावा नव्हे. पहिलें मूल दगावलें, तर पुढल्यासही तेंच नांव देत. मृत्यूचें पुस्तक न पाहणारा शोधक दोन भावांचा एक माणूस करून बसतो.

धर्मांतरापलीकडे जातांना तर फारच जपून पाऊल टाकावें लागतें. १५६० च्या सुमारास मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला; त्याच दशकांत शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. देवामागून कांहीं कुळें गेलीं. कांहीं जमिनीपाशीं राहिलीं व ख्रिस्ती झालीं. त्यामुळें दोन धर्मांतील घराणीं एका मूळ गांवाचीं असूं शकतात. तथापि गांव एक म्हणून रक्त एक, असें म्हणतां येत नाहीं. घरांतील दंतकथा कितीही गोड असो, दुवा तुटला तेथें तो तुटला असेंच लिहिलें पाहिजे.

आणि ज्यांना वाटाच नव्हता त्यांचें काय? गांवकऱ्यांच्या शेतांत राबणारा मुंडकार, वाटा न मिळणारी लेक, परगांवाहून आलेला कारागीर, यांची नोंद गांवकरीच्या वाटेकऱ्यांत नाहीं. त्यांच्या अस्तित्वाची बहुधा एकच साक्ष, ती म्हणजे बाप्तिस्म्याच्या पुस्तकांतील दोन ओळी. श्रीमंताचा एक कागद गेला, तर दुसरा उरतो. गरिबाचें पान वाळवीनें खाल्लें, कीं त्याचा पणजा पुन्हां मरतो. म्हणून जुन्या इगर्जींतील फाटकें पुस्तक जपणें हें केवळ धर्मकार्य नव्हे. ज्यांच्या मागें दुसरें कांहींच उरलें नाहीं, त्यांच्या ऋणाची ती फेड आहे.