गगनबावड्याची लांबी किती?

आजचा भाग गगनबावड्याहून. बाहेर पाऊस कोसळतोय, पत्र्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

परवा इथंच बसून मी सभासद-नोंदणीचं एक छोटं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहीत होतो. गावाच्या नावाला २० बाइटची मर्यादा घातली. इंग्रजी स्पेलिंग, ११ अक्षरं, मुकाट्यानं गेलं. 'गगनबावडा' लिहिलं, तर व्यवहार रद्द! माझ्याच कोडनं माझंच गाव नाकारलं.

का? थोडं मागे जाऊ. १९९१ च्या इस्की या भारतीय प्रमाणकात प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा एकेका बाइटची. पुण्याच्या सी-डॅकनं जिस्टमधून हीच पद्धत संगणकांवर नेली. सहा अक्षरं, दोन काने, म्हणजे गगनबावडा ८ बाइटचा. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ रचलं. जुन्या आस्कीशी जुळावं म्हणून इंग्रजी अक्षर १ बाइटचंच राहिलं. देवनागरीच्या वाट्याला आले ३. आठ त्रिक चोवीस!

२०१५ मध्ये इथेरियम सुरू झालं. त्याच्या सॉलिडिटी भाषेत स्ट्रिंगला थेट लांबी विचारता येत नाही. आधी तिचे बाइट करायचे, मग लांबी विचारायची. मिळतो तो आकडा बाइटचा, अक्षरांचा नव्हे.

साठवण ३२ बाइटच्या स्लॉटमध्ये होते. मजकूर ३१ बाइटपर्यंत असेल तर तो आणि त्याची लांबी एकाच स्लॉटमध्ये बसतात. शेवटच्या बाइटमध्ये लांबीची दुप्पट लिहितात. आपल्या गावासाठी ४८. 'गगनबावडा, कोल्हापूर' झाले ५३ बाइट. आता मूळ स्लॉटमध्ये दुप्पट अधिक एक, म्हणजे १०७, आणि मजकूर दुसरीकडे दोन स्लॉटमध्ये. सम आकडा म्हणजे मजकूर इथंच, विषम म्हणजे दुसरीकडे. आणि प्रत्येक नव्या स्लॉटला २०,००० हून जास्त गॅस. मराठी लिहिण्याची ही रोकडी किंमत.

पूर्वी ही लांबी हातानं बदलताही यायची. रिकाम्या ॲरेची लांबी एकानं कमी केली की ती शून्याखाली न जाता अफाट मोठी व्हायची, आणि चोराला साठवणीत कुठंही लिहायला वाट मिळायची. डिसेंबर २०१९ च्या ०.६ आवृत्तीनं ही सोय काढून टाकली.

मी मर्यादा ९६ केली. चूक यूटीएफ-८ची नव्हती. इंग्रजी डोळ्यापुढे ठेवून २० लिहिणारा मीच होतो. तुम्हीही असा फॉर्म बनवाल, तेव्हा आधी स्वतःच्या गावाचं नाव मराठीत टाकून बघा. भेटू पुढच्या भागात!