गौरी दरवर्षी वेगळ्या दिवशी का जातात? घरी त्या कशा बसवतात?

'आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो' असं सांगणाऱ्या घरातला गणपती एखाद्या वर्षी सातव्या दिवशी जातो. कारण त्या घरात गणपतीचा मुक्काम गौरींवर ठरतो. गणेश चतुर्थी तिथीवर असते, पण ज्येष्ठागौरींचा सण नक्षत्रांवर चालतो. भाद्रपद शुक्ल पक्षात चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना आवाहन, ज्येष्ठात पूजन आणि मूळ नक्षत्रात विसर्जन. त्यामुळे चतुर्थीपासून मोजलं तर विसर्जन २०२३ मध्ये पाचव्या, २०२४ मध्ये सहाव्या आणि २०२५ मध्ये सातव्या दिवशी आलं. पंचांगात नक्षत्र किती वाजेपर्यंत आहे, तेही पाहावं लागतं.

विदर्भ-मराठवाड्यात याच सणाला महालक्ष्म्या म्हणतात. तिथे ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोन उभ्या मूर्ती, अनेक घरांत शेजारी त्यांची बाळंही असतात. साड्या, दागिने, फराळाची आरास असा मोठा थाट असतो. सोशल मीडियावर बहुतेक हाच थाट दिसतो आणि वेगळ्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा गौरी आणणाऱ्यांना वाटतं, मुखवटे आणि स्टँड नसेल तर गौरी होतच नाहीत. तसं नाही. अनेक कोकणस्थ घरांत नदीकाठचे किंवा विहिरीजवळचे पाच-सात खडे, वाटेत न बोलता घरी आणून पूजतात. कोकणात बऱ्याच ठिकाणी तेरड्याची रोपं हीच गौर. खड्यांची गौर ही कमी खर्चाची पळवाट नाही, तो त्या घरांचा पूर्ण कुळाचार आहे.

नैवेद्यातही असंच. आल्या दिवशी बहुतेक ठिकाणी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. कुठे घावन-घाटलं, कुठे सोळा भाज्या (बऱ्याच घरांत त्या सोळाही एकाच कढईत एकत्र होतात, आणि ते चालतं). कोकणातल्या काही समाजांत पूजनाच्या दिवशी गौरीला मटणाचा नैवेद्य असतो. गणपतीला तो चालत नाही, म्हणून काही घरांत मध्ये पडदा धरतात. 'खरी पद्धत कोणती' या कमेंटमधल्या वादाला म्हणूनच अर्थ नाही. विचारायचं असेल तर घरातल्या थोरल्या बाईला विचारावं.

या थोरल्या बाईचा प्रश्न मात्र अवघड आहे. जिने वर्षानुवर्षं गौरींना साड्या नेसवल्या, तिला नवरा गेल्यावर अनेक घरांत मुखवट्यांना हात लावू देत नाहीत. स्वयंपाक मात्र तिच्याकडेच राहतो. सवाष्णीच्या मानाभोवती गुंफलेल्या सणाची ही बोचरी बाजू. काही घरांनी आता हे सोडून दिलं आहे आणि हळदी-कुंकवाला तिलाही बोलावतात.

तिसऱ्या दिवशी पूजेतले सुताचे दोरे, अनेक ठिकाणी सोळा गाठींचे, घरच्या बायकांना देतात. दहीभात किंवा शेवयांच्या खिरीचा नैवेद्य दाखवून निरोप होतो. खडे आणि तेरडा पाण्यात जातात, आणि येताना तिथली थोडी वाळू आणून घरभर टाकतात. मुखवटे पाण्यात सोडत नाहीत. अक्षता टाकून ते जागचे हलवतात, पुसून कापडात गुंडाळतात आणि पुढच्या भाद्रपदापर्यंत पेटीत ठेवतात.