पितळी कळा

संगणकाच्या कळफलकास पितळी कडांच्या वाटोळ्या कळा बसवून त्याला जुन्या टाइपरायटरचा वेष देण्याची हौस अलीकडे पुष्कळांस जडली आहे. आमच्या चिरंजीवांनीं तसला एक घरीं आणला, तेव्हां हें सोंग आहे म्हणून आम्हीं नाक मुरडलें. मागाहून इतिहास चाळला आणि आम्हांस थोडें ओशाळावें लागलें.

कारण मूळ यंत्र तरी आपल्या रूपांत कोठें होतें? शोल्स व ग्लिडन यांचा टाइपरायटर १८७४ सालीं अमेरिकेंतील इलियन गांवच्या रेमिंग्टन कारखान्यांतून बाजारांत आला. बंदुकांबद्दल प्रसिद्ध असलेला हा कारखाना शिवणयंत्रेंहि करी. साहजिकच नव्या यंत्राच्या अंगावर रंगीत फुलें चढलीं. कांहीं यंत्रांना तर शिवणयंत्राचीच बैठक असून कागदाचा गाडा परत आणण्यास पायटा होता! अक्षरें केवळ मोठ्या वळणाचीं, आणि तींहि गाड्याच्या खालच्या अंगास उमटत. आपण काय लिहिलें हें पाहण्यास गाडा उचलावा लागे. ही अडचण मात्र आजच्या हौशी कारागिरांनीं उचललेली नाहीं. अक्षरांचा क्रम तेवढा बहुतेक तोच राहिला आहे. पण तो अगदीं साध्या कळफलकावरहि असतो, त्यास पितळ लागत नाहीं.

लांकडी माऊसाचेंहि तसेंच. तो आज गंमत म्हणून विकला जातो; परंतु डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनीं १९६४ च्या सुमारास घडविलेला पहिला माऊस लांकडी ठोकळ्याचाच होता. खालीं दोन चाकें, वर एक कळ. फुलें मात्र त्यावर कोणीं रंगविलीं नव्हतीं.